भोपळ्याची पाच टेंगळं

ठोक्याला ठोकून बघितल्याशिवाय काही खरं वाटत नाही. गिऱ्हाईक भांडं घेऊन आलं की आधी तो ते डाव्या कानाशी धरणार, बोटाच्या पेरानं टकटक करणार, मग तोंड उघडणार. गॅसची टाकी आली की ठोक. दार बंद असलं की ठोक, सताड उघडं असलं तरी ठोक. एकदा दवाखान्यात त्यानं डॉक्टरचं टेबल वाजवून बघितलं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, "बाबा, तपासायचं काम माझं." कागदोपत्री नाव असेल ते असेल, गल्ली त्याला ठोक्याच म्हणते आणि तो ओ देतो.

आता पासष्टी उलटली. उजवा कान कारखान्यातल्या पॉलिशच्या मशीननं खाल्ला, डाव्यावर निभावून नेतो. घराच्या पुढच्या खोलीत बसून भांड्यांचे पोचे काढतो. पातेलं, कुकर, दुधाची किटली, काहीही आणा. पोचा बघून तो सांगतो, भांडं पडलं की आपटलं. आणि आपटलं असेल तर कुणी कुणावर, हेही त्याला कळतं. ते मात्र तो सांगत नाही.

भिंतीपलीकडे थोरली बहीण राहते, अक्का. एकच घर, मध्ये भिंत घालून दोन केलेलं, दारं वेगळी. अक्काची एक लेक, ती लग्न होऊन लांब गेली. अक्काचा खुब्याचा सांधा निकामी झाला तेव्हा ठोक्यानं तिला एक रीत शिकवली. संध्याकाळी दिवे लागले की तो भिंतीवर एक ठोका मारणार. ती पलीकडून दोन मारणार. एक म्हणजे, बरी आहेस ना? दोन म्हणजे, बरी आहे. "आणि तीन मारले तर?" अक्कानं तेव्हा विचारलं होतं. "मेल्यावर मारायचे का?" ठोक्या हसला नव्हता. "दोनच मारायचे," एवढंच म्हणाला होता.

लोक म्हणतात, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. अक्काचा नवरा गेला तेव्हा पोर चार वर्षांची होती. ठोक्याचं लग्न ठरल्यात जमा होतं. त्यानं स्वतः जाऊन मोडलं आणि बहिणीचा संसार खांद्यावर घेतला. चौतीस वर्षं झाली. हे कुणी त्याच्या तोंडावर बोललं की तो हातातलं भांडं उचलून उगाच कानाशी धरतो.

संग्रहालयातल्या बाई आल्या त्या दिवशीही त्यानं तेच केलं. बाई चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या, दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या कारखान्यात होता ना?"

"कुकर असेल तर द्या, झाकणासकट."

"कुकर नाही. आमच्या अंगणात एक शिल्प आहे. तुमच्या कारखान्यात बनलेलं. आकृती क्रमांक सात."

"क्रमांक बिमांक ठाऊक नाही," ठोक्या म्हणाला. "आम्ही त्याला भोपळा म्हणायचो."

बाई हसल्या आणि न सांगता स्टूल ओढून बसल्या. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. शिल्पकार वारल्यावर निघालेलं, गुळगुळीत कागदाचं. भोपळ्याला त्यात चार पानं दिली होती. एकानं लिहिलं होतं, हे गर्भाशय आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, हे बीज आहे आणि पोकळी हाच त्याचा गाभा आहे. तिसरा तर बोटांवर मोजत बसला होता. शिल्पाच्या डाव्या अंगाला पाच उंचवटे आहेत, एका ओळीत, एकाहून एक लहान. ही अनंताकडे जाणारी वाट आहे, रूप इथे अरूपात विरघळतं.

ठोक्यानं ती ओळ दोनदा वाचली. बोट ठेवून वाचली.

"मला ते पटत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे सुंदर लिहिलंय. पण वस्तू आभाळातून पडत नाही. ती कुठे बनली, कुणी बनवली, तेव्हा तिथे काय चाललं होतं, हे ठाऊक नसेल तर आपण आपल्याच मनातलं तिच्यावर चिकटवतो. शिल्पकारांच्या चिठ्ठ्या चाळताना मला एक ओळ सापडली. कारखान्यात दुर्घटना, आठ दिवस उशीर. बस, एवढंच. त्या वेळचे कोण उरलेत ते शोधत आले तर तुम्ही एकटे."

"मिस्त्री गेला. मालक गेला. शिल्पकार गेला," ठोक्या म्हणाला. "माझं तेवढं राहिलंय."

"नवी पाटी करतोय. शुक्रवारी मजकूर द्यायचाय. तुम्ही सांगाल तेच लिहीन. नाही सांगितलंत तर हे अनंताचंच राहील." बाईंनी पुस्तक मिटलं. "एकदा येऊन बघाल का?"

बघायला जायचं नव्हतं. पण तो गेला, चप्पल पायात सरकवून, दुकान उघडंच टाकून.

भोपळा ट्रकवर चढला त्यानंतर ठोक्यानं त्याला पाहिलं नव्हतं. संग्रहालयाच्या अंगणात काळ्या दगडाच्या बैठकीवर तो उभा होता, दीड पुरुष उंच, एका अंगाला जरा झुकलेला, चकचकीत. त्यात आभाळ दिसत होतं, आजूबाजूच्या इमारती वाकड्या होऊन दिसत होत्या. एक जोडपं त्यात बघून केस सारखे करत होतं. ठोक्या डाव्या अंगाला गेला आणि खाली वाकला. पाचही टेंगळं होती. पहिलं लिंबाच्या फोडीएवढं, स्पष्ट. दुसरं त्याहून जरा कमी. तिसरं. चौथं. पाचवं डोळ्यांना दिसतच नाही, बोट फिरवलं तरच लागतं. प्रत्येकात त्याला आपलं तोंड दिसलं.

"हे आतून आलंय," बाई मागून म्हणाल्या. "एवढं मला कळतं. हातोडीचं आहे का?"

"वय झालं बाई," ठोक्या म्हणाला. "आठवत नाही."

त्याला सगळं आठवत होतं. मिस्त्रीच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा.

भोपळा दोन मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याचा. शिल्पकाराला बाहेरून जोड दिसायला नको होता, म्हणजे शेवटचा जोड आतून मारणं आलं. भोपळा फरशीवर आडवा पाडलेला, बैठकीचं भोक बाजूला आलेलं, त्यातून अंग चोरून एक माणूस आत जाईल एवढी जागा. आत गेले ते दाजी, अक्काचे यजमान. कारखान्यात त्यांच्यासारखा जोड कुणाचा येत नसे. त्यांनी मारलेला जोड बघून मिस्त्री म्हणायचा, हा माणूस वेल्डिंग करत नाही, शिवतो.

स्टेनलेसचा जोड आर्गन गॅसखाली मारतात. या गॅसला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड. बंद पोटात तो पाण्यासारखा तळाला साठतो आणि वर चढत येतो. म्हणून आत हवा मारायला पंख्याची नळी सोडायची असते. पण पंखा चालू असला की वारा गॅस उडवून लावतो आणि जोड काळा पडतो. तेव्हा कारखान्याची आपली रीत होती. जोड चालू असताना पंखा बंद. भोकाशी एक माणूस बसवायचा. त्यानं थोड्या थोड्या वेळानं बाहेरून एक ठोका मारायचा, आतल्यानं दोन मारायचे. दोन आले नाहीत की पंखा लावायचा आणि पाय धरून ओढायचं. भोकाशी बसवलेला माणूस ठोक्या.

आणखी एक गोष्ट होती. तापलेला पत्रा आत बसतो, खळगा पडतो. तो गोल डोक्याच्या हातोडीनं आतून ठोकून वर काढावा लागतो. म्हणजे पोटातून हातोडीचा आवाज येणं हे रोजचंच. आवाज येतोय म्हणजे माणूस काम करतोय, असं सगळ्यांच्या कानात बसलेलं.

माल तीन दिवसांत जायचा होता. मिस्त्री आला आणि म्हणाला, "भोकाशी बसून माश्या मारतोस का? ते भोपळ्याच्या बुडाचं ताट पॉलिश करून टाक. मधूनमधून येऊन ठोक की झालं." ताट दहा पावलांवर होतं. ठोक्या उठला. दोनदा येऊन ठोकून गेला, दोन्ही वेळा आतून दोन आले. तिसऱ्या खेपेआधी मशीनच्या चाकाला साबण लावायला त्यानं मशीन बंद केलं. पॉलिशची कडक वडी असते, तिला साबण म्हणतात. तेवढ्यात भोपळ्यातून आवाज आला. ठण्ण. मग जरा थांबून, ठण्ण. मग बराच वेळ थांबून तिसरा.

तीन. दोन नाही. खळगा काढणाऱ्याची हातोडी झपाझप एका लयीत चालते, ही तशी नव्हती. हे त्याला तेव्हा कळायला हवं होतं आणि नंतर चौतीस वर्षं रोज कळत राहिलं. तेव्हा तो साबण घासत तिथूनच ओरडला, "दाजी, भोपळा फोडू नका." स्वतःच्या विनोदावर हसला आणि मशीन चालू केलं.

साबणाची अर्धी वडी संपल्यावर तो भोकाशी गेला आणि एक ठोका मारला. आतून काही आलं नाही.

डॉक्टरनं सांगितलं, हा गॅस कळूच देत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. मालकानं तेच उचलून धरलं. ठोक्यानं घरी येऊन ओट्याशी उभ्या असलेल्या अक्काला तेच सांगितलं. दाजींना काही कळलं नाही, झोपेत जावं तसे गेले. अक्का त्या वाक्यावर जगली. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या, पोर वाढवली, उजवून दिली. कुणी हळहळलं की स्वतःच म्हणायची, "त्रास नाही झाला त्यांना. एवढं तरी झालं."

आठ दिवसांनी दुसऱ्या एकानं उरलेला जोड पुरा केला. भोपळा पॉलिशला ठोक्याकडे आला. डाव्या अंगावर हात फिरवताना त्याला टेंगळं लागली. त्यानं मोजली. तीन ऐकली होती, पत्र्यावर पाच होती. म्हणजे दोन मशीनच्या आवाजात गेली.

शिल्पकार बघायला आला तेव्हा मिस्त्री घाईघाईनं म्हणाला, "आतून ठोकताना उठलीत साहेब, सपाट करून देतो." शिल्पकारानं त्यांवरून तळवा फिरवला. "राहू द्या," म्हणाला आणि निघून गेला. ती कशाची आहेत ते त्याला ठाऊक होतं, की नुसतीच आवडली, हे ठोक्याला आजवर उमगलेलं नाही. त्यानं ती पाचही टेंगळं आरशासारखी चकचकीत केली. कामच होतं ते.

संग्रहालयातून परत आल्यावर तो दुकानात गेला नाही. सरळ पलीकडच्या दाराशी गेला, सवयीनं ठोकलं. अक्का पालेभाजी निवडत बसली होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "चष्मेवाली आली होती म्हणे आणि तू दुकान टाकून तिच्यामागे गेलास. या वयात."

"संग्रहालयातली आहे. भोपळ्याचं विचारायला आली होती."

अक्काचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "आता काय विचारायचं राहिलंय त्यात?"

"त्यावर टेंगळं आहेत. पाच. पुस्तकात लिहिलंय, ती अनंताकडे जाणारी वाट आहे."

"मग?"

"दाजींच्या हातोडीची आहेत."

"कामातली," अक्का म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ठोक्याला तिथंच थांबता आलं असतं. हो म्हणायचं, चहा प्यायचा, बाईंना कळवायचं की कामातली आहेत. पण त्याच्या डोळ्यांसमोर ते पाचवं होतं, बोट फिरवल्याशिवाय न लागणारं, आणि त्यात केस सारखे करणारं जोडपं होतं.

"कामातली नाहीत अक्का."

तिनं जुडी खाली ठेवली.

"झोपेत गेल्यासारखे गेले, असं तू म्हणाला होतास."

"हो."

"या इथे उभा राहून म्हणाला होतास."

"हो."

"तू भोकाशी होतास ना?"

"दहा पावलांवर. मिस्त्रीनं ताट घासायला लावलं होतं." मिस्त्रीचं नाव तोंडातून निघालं तसं त्याला स्वतःची लाज वाटली. "तीन ठोके ऐकले मी. मला वाटलं, खळगा काढतायत. मी म्हणालो, दाजी, भोपळा फोडू नका. आणि मशीन चालू केलं."

अक्कानं मांडीवरचा पाला झटकला. मग तिनं विचारलं, अगदी कामाचं काही विचारावं तसं, "पत्र्यातून बाहेरचा आवाज आत जातो का रे?"

"जातो."

"म्हणजे तू जे म्हणालास ते त्यांना ऐकू गेलं असेल."

चौतीस वर्षं ठोक्यानं त्या दिवसाचा एकेक कोपरा ठोकून बघितला होता. हा कोपरा त्याला कधी सापडला नव्हता.

"तीन ऐकलेस," अक्का म्हणाली. "मग आधीची तीन. दोन तू बोलल्यानंतरची."

"हो."

"शेवटचं केवढं आहे?"

"बोट फिरवलं तर लागतं."

तिनं पुन्हा जुडी उचलली. देठ मोडायला लागली, एकेक, नीट, कोवळा पाला वेगळा काढत. "ते अनंताचं खोडायला सांग तिला," ती म्हणाली. "आणि तू आता आपल्या घरी जा."

दुसऱ्या दिवशी ठोक्यानं बाईंना सगळं सांगितलं. बाई लिहीत होत्या, मध्ये चष्मा काढून डोळे पुसत होत्या, ते त्याला आवडलं नाही. मजकूर वाचून दाखवताना त्या म्हणाल्या, "बाहेरच्या कामगाराला दुसऱ्या कामाला लावलं होतं, असं घेतलंय. दोष व्यवस्थेचा होता, तुमचा नाही."

"व्यवस्थेला कान नव्हते," ठोक्या म्हणाला. "मला होते, दोन्ही. बाहेरच्यानं तीन ठोके ऐकले होते, हे पण घाला."

"पाटीवर इतकं जात नाही हो."

"गर्भाशय गेलं होतं ना? बीज गेलं होतं. मग हेही जाईल."

ते गेलं. पाटी लागली तेव्हा त्याला आमंत्रण होतं, तो गेला नाही. अक्काची लेक गावाहून येऊन आईला रिक्षातून घेऊन गेली. परत आल्यावर ती मामाच्या दुकानात आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत बस म्हटलं तर बसली नाही. आईनं काय केलं, तेवढं सांगितलं. पाटी वाचली नाही. काठी लेकीकडे दिली, पत्र्यावर हात ठेवून खाली खाली गेली. पहिल्या तीन टेंगळांना हात लावला नाही. चौथ्यावर आणि पाचव्यावर तळवा ठेवून उभी राहिली, कुणीतरी मागून फोटोसाठी बाजूला व्हा म्हणेपर्यंत. एवढं सांगून भाची म्हणाली, "मामा, मला लहानपणी तू खांद्यावर घेऊन फिरायचास." मग गाडीची वेळ झाली म्हणून गेली.

आणि भिंतीचं असं झालं.

ज्या दिवशी अक्काला सांगितलं त्याच संध्याकाळी, दिवे लागल्यावर, ठोक्यानं भिंतीवर एक ठोका मारला. पलीकडून दोन आले नाहीत. त्यानं डावा कान भिंतीला लावला. आत भांड्यांचा आवाज येत होता. पातेलं ठेवल्याचा, नळ सोडल्याचा, झाकण पडल्याचा. म्हणजे अक्का कामात आहे, चालती फिरती आहे, काळजीचं कारण नाही. तो खाटेवर टेकला.

मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय करतोय.

तो उठला. अनवाणीच बाहेर पडला, पलीकडच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दार आतून लावलेलं होतं. त्यानं एकदा ठोकलं. भांड्यांचा आवाज थांबला.

"अक्का."

त्यानं डावा कान दाराला लावला.

"अक्का, दोन आले नाहीत."

"आहे," आतून अक्का म्हणाली. "जा."

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. दिवे लागले की तो भिंतीवर एक ठोका मारतो. जेवढा वेळ थांबायला हवं तेवढा थांबतो, त्याहून जास्त नाही. पलीकडून भांडी वाजत असतात, कधी ती खोकते, कधी रेडिओ चालू असतो. दोन ठोके येत नाहीत. तो उठतो, दाराशी जातो, ठोकतो. गुडघे दुखत असले तरी जातो, अंगात ताप असला तरी जातो. आतून ती एकच शब्द म्हणते, दार न उघडता.

"आहे."

तेवढं ऐकून तो परततो.